डॉक्टर आत्ता येतील

लॉरेल फोर्क, केंटकी
२१ ऑगस्ट २०१६

ती. ओलेटामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मी एक उद्योग करून बसले आहे. तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगते. मी पुन्हा कॉलेजात नाव घातलंय. हस आता पोटभर. पन्नाशीला टेकलेली बाई, गुडघे कुरकुरतात, आणि दप्तर घेऊन निघाली!

तुला वाटेल, मास्टर्स तर झालं होतं, आता आणखी काय राहिलं? ते मास्टर्स नर्सिंग शिकवण्याचं. त्याच्या जोरावर मी इतकी वर्षं कॉलेजात मुलींना शिकवते, पण त्याने मला पेशंट तपासून औषध लिहून देता येत नाही. त्यासाठी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर व्हावं लागतं. मास्टर्स झालेल्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, वरचं एक प्रमाणपत्र पुरतं आणि अभ्यास घरबसल्या ऑनलाइन होतो. आपल्या ॲल्माबाई फ्युगेट तेच आहेत. नर्सच, पण रोग ओळखायचा आणि औषध द्यायचं त्यांनीच.

हे खूळ डोक्यात आलं तेही ॲल्माबाईंमुळेच. खोऱ्यातला एकुलता एक दवाखाना त्यांनी आजवर ओढला. आता कंबर गेली आहे आणि पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्या थांबणार. दवाखान्याच्या कमिटीने सगळीकडे जाहिरात दिली. एक तरुण डॉक्टर आला, नदीचे फोटो काढले आणि परत गेला. त्या खुर्चीत बसणारं कुणी मिळालं नाही तर दाराला कुलूप. मग साध्या कानदुखीलाही डोंगर ओलांडून जायचं. आई गेली ती त्याच रस्त्यावर, तुला सांगायला नकोच.

नवरोबांनी, हॉबर्टने, स्वयंपाक अंगावर घेतलाय. काल घेवडा असा लागला की कुत्र्याने हुंगून तोंड फिरवलं. तुझ्या लेकाला, डेन्व्हरला, आठवण सांग. तुझा आशीर्वाद पाठीशी ठेव, बाकी मी बघते.

तुझी,
ट्रेसी


डेटन, ओहायो
२ सप्टेंबर २०१६

चि. ट्रेसी हिस,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले, मग परत हसले. अगं, कॉम्प्युटरसमोर बसून नाडी कशी बघणार तू? हे तर उंटावरून शेळ्या हाकणं झालं! पण तू तुझ्या आईची लेक. तिने एकदा ठरवलं की दारातली म्हैस हलेल पण ती हलायची नाही. तेव्हा अडवत नाही.

आणि ॲल्मा फ्युगेट! तिचं नाव काढलंस म्हणून सांगते. आमच्या तरुणपणी गावात शाळेच्या मदतीसाठी डब्यांचा लिलाव असायचा. मुलींनी डबे सजवायचे, मुलांनी बोली लावायची, आणि ज्याला डबा मिळेल त्याने त्या मुलीबरोबर बसून जेवायचं. मी तळलेली कोंबडी आणि वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक भरला होता. कुणी बोली लावायची तेही ठरलं होतं. या बाईने आपल्या डब्याला नेमकी माझ्यासारखीच निळी फीत बांधली, आणि तो मूर्ख तिचा डबा उचलून बसला. त्याला मिळाला सुका पाव. तरी लग्न तिच्याशीच केलंन. इतकी वर्षं झाली तरी तिला मी पत्र टाकलेलं नाही.

माझं म्हणशील तर बरं आहे. लग्न होऊन इथे कारखान्यात आले तेव्हा म्हणाले होते, चार वर्षांत परत जाऊ. चाराची किती झाली ते विचारू नकोस. आता निवृत्त आहे, तुझे काका गेले, खोऱ्याच्या वरच्या अंगाचं आपलं जुनं घर रिकामंच आहे. पण डेन्व्हर म्हणतो की आई, तुझी साखर, तुझं ब्लडप्रेशर, आणि तिथे ती ॲल्मा थांबली की इंजेक्शन टोचायलाही माणूस नाही, मी तुला तिथे कसं सोडू? त्याचंही चूक नाही. लेकरू काळजीपोटी बोलतं.

म्हणून म्हणते, शीक बाई. तुझ्या शिक्षणावर माझंही घोडं अडलेलं आहे. हॉबर्टला सांग, घेवडा मंद आचेवर आणि झाकण अर्धं.

मायेची,
मावशी


लॉरेल फोर्क
९ एप्रिल २०१७

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

इकडील क्षेम. पत्राला उशीर झाला, कान धर. पण माझी गंमत ऐक. आपल्या खोऱ्यात इंटरनेट म्हणजे असून नसल्यासारखं. घरात शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा पडद्यावर अर्धा येतो आणि तिथेच गोठतो. सगळ्यात चांगलं येतं ते चर्चच्या मागच्या आवारात. म्हणून कॉलेजातून सुटले की मी तिथे गाडी लावते, मांडीवर कॉम्प्युटर, पायाशी हीटर, आणि वर्ग सुरू. रोज संध्याकाळी माझी गाडी तिथे बघून गावात बोलबाला झाला की ट्रेसीला देव पावला. पाद्रीबाबांनी रविवारी भर प्रवचनात माझी स्तुती केली. हॉबर्ट खोकला आल्याचं निमित्त करून बाहेर पळाला.

वर्गातलं कुणी कुणाला भेटलेलं नाही, पण आता सगळी घरची झाली आहेत. नेब्रास्काची एक बाई गुरं सांभाळून शिकते. ती मधेच कॅमेरा बंद करते तेव्हा आम्ही समजतो की गाय व्यायली.

अभ्यासाची भीती नव्हती. घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीने. पुस्तकी भाग ऑनलाइन, पण शेकडो तास खऱ्या पेशंटांवर, कुणाच्या तरी हाताखाली काढावे लागतात, आणि तो गुरू आपला आपण शोधायचा. डोंगरापलीकडे दारोदार फिरले. कुणी म्हणालं वेळ नाही, कुणी म्हणालं जागा नाही, एकाच्या मदतनिसाने तर मला औषध कंपनीची विक्रेती समजून दारातूनच घालवलं. ॲल्माबाईंना त्रास नको म्हणून त्यांना विचारलं नव्हतं. शेवटी त्यांनीच मला किराण्याच्या दुकानात गाठलं आणि चारचौघांत विचारलं की माझ्या अंगाला वास येतो का गं? सोमवारपासून ये म्हणाल्या.

त्यांनी तुझी चौकशी केली. निळ्या फितीचं मी काही बोलले नाही.

तुझ्या मायेची भुकेली,
ट्रेसी


लॉरेल फोर्क
२२ ऑक्टोबर २०१७

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तब्येत सांभाळून असशीलच. शिकते त्या कॉलेजने दोन दिवस प्रत्यक्ष बोलावलं होतं, जाऊन आले. ठीक झालं. थंडी पडायला लागली. हॉबर्टचा घेवडा आता खाण्यालायक होतो. कामं फार आहेत, म्हणून इथेच थांबते.

तुझी,
ट्रेसी


लॉरेल फोर्क
३० ऑक्टोबर २०१७

प्रिय ओलेटा हिस,
स. न. वि. वि.

अक्षर ओळखलंस ना? ओळखून पत्र फाडणार असशील तर थोडी थांब, तुझ्या भाचीविषयी आहे.

ती तुला खरं सांगणार नाही, म्हणून मी सांगते. कॉलेजने बोलावलं होतं त्या परीक्षेत ती नापास झाली. तिथे खोटा पेशंट असतो, म्हणजे पेशंटचं सोंग घेतलेला माणूस, आणि परीक्षक काचेआडून बघतात. हिच्या वाट्याला एक म्हातारा आला. लांबच्या मोटारप्रवासानंतर एका पायाची पोटरी दुखतेय आणि सुजलीय, असं सांगणारा. हिने इतकं छान तपासलं की त्या परीक्षकबाई मला फोनवर म्हणाल्या की त्यांनी इतकं नेटकं काम क्वचित पाहिलंय. विचारायचं ते सगळं विचारलं. पायात रक्ताची गाठ आहे हे हिला कळलं होतं, कारण त्याला चालायला बंदी केली आणि पाय हलवू दिला नाही. मग पांघरूण सारखं केलं, घंटी हाताशी ठेवली, आणि म्हणाली, काळजी करू नका, डॉक्टर आत्ता येतील. आणि बाहेर येऊन कागद हातात घेऊन दाराशी उभी राहिली!

सगळे वाट बघताहेत की ही आत जाऊन रोगाचं नाव सांगेल, औषध लिहील. ही वाट बघतेय डॉक्टरची. वेळ संपली.

हसू येतं ना? मलाही आलं, आणि मग रडू आलं. अगं, आम्हा नर्सांना पहिल्या दिवसापासून हेच घोटवतात की दिसलं ते सांगा, नाव डॉक्टर ठेवतील. हिने जन्मभर ते पाळलं आणि शेकडो मुलींकडून पाळून घेतलं. माझ्या दवाखान्यातही हेच चाललंय. सगळं बरोबर शोधते आणि शेवटी माझ्या तोंडाकडे बघते. मी कितीदा सांगितलं की बाई, या खोलीत डॉक्टर कुणी नाही, तू आणि मी आहोत आणि माझीही गाडी सुटायची वेळ झाली.

फेब्रुवारीत दुसरी संधी आहे. ती हुकली तर नाव कमी करतात. मग जूनमध्ये मी किल्ली कमिटीला देणार, दुसरा उपाय नाही. तिचा हात माझ्याहून चांगला आहे, ओलेटा. हे मी कुणाविषयी म्हणत नाही. तू तिला लिही. तुझं ती ऐकते.

फितीचं म्हणशील तर गावच्या दुकानात तेव्हा निळीच फीत होती. आणि त्या डब्यातल्या सुक्या पावावरून तो मला शेवटपर्यंत टोमणे मारत होता.

जुन्या ओळखीची,
ॲल्मा


डेटन
६ नोव्हेंबर २०१७

चि. ट्रेसी हिस,
अनेक आशीर्वाद, आणि कानाला एक पीळ.

ठीक झालं काय? लबाड कुठली! मला सगळं कळलंय, कुणाकडून ते विचारू नकोस. नापास झालीस म्हणून मावशी काय तुला घराबाहेर काढणार होती?

आता रडणं पुरे. तुला वाटतं रोगाचं नाव घेणं म्हणजे आगाऊपणा. आपल्याकडे मुलींना तसंच वाढवलं. बाप्यांच्या पंगतीत वाढायचं, मत विचारलं तर ताटाकडे बघायचं. मीही तेच केलं. पण बाई गं, सगळं ठाऊक असून ओठ शिवून बसलीस तर त्या पोटरीवाल्याचं काय? तो बिचारा अजून घंटी धरून पडला असेल!

माझी अट ऐक. यापुढे दर पत्रात तू मला एका पेशंटची गोष्ट लिहायची. त्याचं नावगाव काही नको, पण रोगाचं नाव ठळक अक्षरात पाहिजे. वाटतं, बहुधा, असावं, यांतला एक शब्द दिसला तर पत्र परत पाठवीन, आणि टपालखर्च हॉबर्टकडून घेईन. मला त्यातलं ओ की ठो कळणार नाही. पण तू लिहिलेलं मला बघायचंय.

मला तुझा अभिमान वाटतो, ट्रेसी. आपल्या घरात हे शब्द कुणी तोंडावर बोलत नाही, म्हणून कागदावर लिहिते. पास हो नाही तर नापास हो, वाटतो तो वाटतोच.

तुझीच,
मावशी


लॉरेल फोर्क
१४ जानेवारी २०१८

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या अटीप्रमाणे आजवर खरूज, कानाचा संसर्ग, पित्ताशयातले खडे आणि एक गर्भारपण पाठवलं. शेवटचं परत पाठवलंस, रोग नाही म्हणून. बरोबर आहे. पण आज लिहिते ते जपून ठेव.

मंगळवारी एक आजी आल्या. चर्चमध्ये पहिल्या रांगेत गातात. तक्रार दाढेची. दंतवैद्याने दाढ काढली तरी दुखणं तसंच. ॲल्माबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर हात बांधून बसल्या होत्या. आता त्या माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, खिडकीबाहेर बघतात. मी विचारत गेले. आजी म्हणाल्या की दोन घास चावले की जबडा भरून येतो, मग थांबावं लागतं. आणि जाता जाता म्हणाल्या की हल्ली डोकं विंचरवत नाही, कानशिलाजवळ कंगवा टेकला तरी जीव जातो. काल पुस्तकातल्या ओळी क्षणभर पुसट झाल्या होत्या, पण चष्मा जुना झालाय म्हणाल्या.

मी कानशिलावर बोट ठेवलं. शीर दोरीसारखी कडक. मावशी, माझी मान सवयीने ॲल्माबाईंकडे वळली. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर काहीसुद्धा नव्हतं गं, नुसता कचऱ्याचा डबा. तेव्हा तुझा तो पोटरीवाला आठवला, घंटी धरून बसलेला.

मग मी आजींच्या समोर बसले आणि म्हटलं, हा दाढेचा आजार नाही. हा कानशिलाच्या रोहिणीचा दाह आहे. डोक्याच्या रक्तवाहिनीला सूज आली आहे, ती डोळ्याकडचं रक्त अडवते. आज औषध सुरू केलं नाही तर नजर जाऊ शकते आणि गेलेली परत येत नाही. रक्त आत्ता घेऊ, पण निकालासाठी थांबायचं नाही, गोळ्या आत्ता.

ॲल्माबाई उठल्या, त्यांनी स्वतः शीर चाचपली, आणि औषधाच्या चिठ्ठीवर सही केली. विद्यार्थिनीची सही चालत नाही ना. डोंगरापलीकडे तज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवलं. शनिवारी तपासणीचा निकाल आला. तोच आजार निघाला. दोन्ही डोळे शाबूत आहेत, आणि आज सकाळी आजी पहिल्या रांगेत पुस्तकात बघून गायल्या. मी मागे बसून रडले. पाद्रीबाबांना वाटलं प्रवचनाने.

घरी जाताना ॲल्माबाई एवढंच म्हणाल्या की तुझ्या मावशीला कळव.

तुझी,
ट्रेसी


डेटन
११ मार्च २०१८

चि. ट्रेसी हिस,
आशीर्वाद, आशीर्वाद आणि आशीर्वाद.

दुसऱ्या वेळी पास! गंगेत घोडं न्हालं एकदाचं! डेन्व्हरला तुझा फोन आल्यापासून मी शेजारच्या सगळ्यांना सांगत सुटले आहे. समोरचा टपालवाला म्हणाला की बाई, तुम्ही मला हे कालच सांगितलंत. म्हटलं, मग आज परत ऐक. आता ती मोठी सरकारमान्य परीक्षा राहिली, तीही देशील.

तुझ्यासाठी एक पेशंट आहे. नाव लिहायचं नाही असं ठरलंय, पण बाई आहे, पंचाहत्तरीच्या घरात. गेलं वर्षभर तिला भूक नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही. दिवसभर टीव्ही चालू ठेवते, बघत नाही. सफरचंदं वाळवायला आणली ती तशीच सडली. आणि हल्ली स्वप्नात तिला वरच्या अंगाच्या झऱ्याचा आवाज येतो. रोगाचं नाव कळव.

मावशी


लॉरेल फोर्क
२० मे २०१८

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मोठी परीक्षाही पास झाले. आता सही माझी चालते, त्यासाठीच इतके दिवस तुझ्या पेशंटचं उत्तर अडवून ठेवलं होतं. शिवाय घाईने नाव ठेवायचं नसतं. आधी थायरॉइड, रक्तातलं लोह, साखर, मन खचलंय का हे सगळं बघावं लागतं. ते डेन्व्हरला सांगून तिथल्या डॉक्टरांकडून करून घेतलं, ते कशाला केलं म्हणून तू माझ्यावर फणफणलीस हेही कळलं. औषध लागेल असं त्यात काही निघालं नाही.

तेव्हा आता नाव सांगते, आणि वाटतं, बहुधा, असावं, काही म्हणत नाही. तुला घरची ओढ लागली आहे. हे परीक्षेत लिहिलं असतं तर एक गुण मिळाला नसता. पण मी तुला जन्मापासून ओळखते आणि हेच आहे. इलाज एकच, घरी ये. साखर मी बघीन, ब्लडप्रेशर मी बघीन. डेन्व्हरशी बोलले आहे. त्याने सगळे प्रश्न विचारले, मी सगळ्यांची उत्तरं दिली. मग म्हणाला की छप्पर आधी बघून घ्यायला हवं. हॉबर्ट आज शिडी घेऊन गेलाय.

काल दरवर्षीप्रमाणे दफनभूमीत गवत काढायला आणि फुलं ठेवायला सगळे जमलो होतो. आईच्या थडग्याशी बसून तिलाही सांगितलं. शेजारी तुझ्यासाठी राखलेली जागा आहे, पण तिची इतक्यात घाई नाही, हे मी तुझी नर्स म्हणून सांगते.

वाट बघणारी,
ट्रेसी


डेटन
१७ जून २०१८

चि. ट्रेसी हिस,
पोटभर आशीर्वाद.

सोफा शेजारणीला दिला, टीव्ही टपालवाल्याला दिला. या पत्रापाठोपाठ मी येतेच आहे. डेन्व्हर गाडी घेऊन सोडायला येतो. रडतोय थोडा, पण मोठा झालाय, रडू दे.

ॲल्माला सांग, शेवटच्या दिवशी किल्ली कमिटीबिमिटीला द्यायची नाही, माझ्यासमोर तुझ्या हातात द्यायची. मी थरांचा केक करून आणते आहे. त्याला निळी फीत बांधली आहे, तिने बघून काय समजायचं ते समजावं.

आणि सोमवारी तुझ्या खुर्चीतल्या पहिल्या दिवसाची पहिली पेशंट म्हणून माझं नाव लिहून ठेव. माझी साखर बघ, छाती तपास, काय असेल ते तोंडावर सांग, मी घाबरत नाही. फक्त माझं पांघरूण सारखं करून, डॉक्टर आत्ता येतील म्हणून बाहेर जाऊन उभी राहिलीस ना, तर याद राख. मी आयुष्यभर डेटनला राहून डॉक्टर येण्याचीच वाट बघत होते. आता ती आली आहे.

भेटीअंती बाकीचं बोलू. लोभ काय मागायचा, तो घ्यायलाच तर येते आहे.

तुझी,
ओलेटामावशी